वाचकांचे प्रश्न : हीटरआधी भोकं बुजवा

थंडी सुरू झाली की बर्फाच्या मुलखातल्या वाचकांची पत्रं येऊ लागतात. यंदा त्यांत एकाच यंत्राने जागा अडवली आहे : स्किड स्टीअर लोडर, म्हणजे जागच्या जागी वळणारं, पुढे बादली असलेलं छोटं यंत्र. बहुतेकांचं विचारणं एकच. उघडी केबिन बंद कशी करायची आणि तिच्यात ऊब कशी आणायची? गंमत म्हणजे हे यंत्र जन्मलं तेच अमेरिकेतल्या मिनेसोटात. 1957 साली रॉथसे गावच्या केलर बंधूंनी एका टर्कीपालकाच्या शेडमधली घाण काढायला तीन चाकांचा छोटा लोडर बनवला आणि त्यातूनच पुढे 'बॉबकॅट' या नावाचं यंत्र आलं. हुडहुडी भरवणाऱ्या प्रदेशातलंच हे यंत्र, पण बसणाऱ्याला आडोसा मिळाला तो फार उशिरा.

प्रश्न : माझ्याकडे जुनं बॉबकॅट 763 आहे. वर छप्पर, बाजूंना जाळी, समोर सताड उघडं. उणे 20 अंशांत बर्फ ओढताना अर्ध्या तासात बोटं बधिर होतात. तयार दार-खिडक्यांचा संच महाग वाटतो, म्हणून पॉलिकार्बोनेट (काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक) आणून घरीच करावं म्हणतो. हीटर किती ताकदीचा लागेल? विजेवरचा चालेल का?
— रॉचेस्टर, मिनेसोटा

उत्तर : विजेच्या हीटरचा विचार आधी डोक्यातून काढा. दार, बाजू, मागचा भाग आणि छताची खिडकी मिळून साधारण 4 चौरस मीटर काच येते. एकेरी काचेच्या दर चौरस मीटरमधून, आत-बाहेरच्या तापमानातल्या प्रत्येक अंशामागे, जवळपास 5.7 वॅट उष्णता निसटते. बाहेर उणे 20 आणि आत 15 धरलं तर फरक 35 अंशांचा, म्हणजे नुसत्या काचेतून 800 वॅट गेले. काचेवर बाष्प धरू नये म्हणून ताशी 100 घनमीटर ताजी हवा आत घेतली, तर ती तापवायला आणखी 1,200 वॅट. पत्र्यातून आणि फटींतून जाते ती वेगळी. आकडा तीन किलोवॅटच्या घरात जातो. 12 व्होल्टवर तीन किलोवॅट म्हणजे 250 अँपिअर. तुमचा अल्टरनेटर त्याच्या पासंगालाही पुरत नाही. सॉकेटला लावायचे 150 वॅटचे जे हीटर मिळतात, ते हातमोजे सुकवायला ठीक आहेत.

ऊब घ्यायची ती इंजिनाच्या कूलंटमधून, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातून. 763 मध्ये कुबोटाचं पाण्याने थंड होणारं इंजिन आहे, तेव्हा ताशी 12,000 ते 16,000 बीटीयूचा, म्हणजे साडेतीन ते पावणेपाच किलोवॅटचा गरम पाण्याचा हीटर पुरेल. याहून मोठा घेऊन फायदा नाही, कारण इंजिन नुसतं आयडलवर असताना कूलंटला तेवढी उष्णता मिळतच नाही.

पण हीटर घेण्याआधी केबिनचं बूड बघा. लोक समोरचं दार आधी बसवतात आणि पेडलांच्या खाचा, लिव्हरखालच्या फटी, सीटमागचा पत्रा, वायरींची भोकं तशीच राहतात. इंजिन तुमच्या पाठीशी आहे. तिथली हवा पंख्याच्या जोराने याच फटींतून केबिनमध्ये शिरते आणि सोबत धूर, तेलाचा वास, धूळ आणते. उघड्या केबिनमध्ये ते वाऱ्याने उडून जातं, बंद केबिनमध्ये साचतं. म्हणून पहिलं काम सायलेन्सर आणि मॅनिफोल्डच्या जोडांची गळती तपासण्याचं. जोडाभोवती काजळी दिसली तर गॅस्केट बदला आणि मगच केबिन बंद करायला घ्या. त्यानंतर लिव्हर आणि पेडलांना रबरी बूट चढवा आणि फरशीवर जाड रबरी मॅट घाला. केबिन जिथे चेसिसवर टेकते त्या कडेला 10 ते 12 मि.मी. जाडीची बंद छिद्रांची फोमपट्टी चिकटवा. उघड्या छिद्रांचा फोम पाणी पितो, गोठतो आणि पहिल्याच हिवाळ्यात फाटतो. फट कुठे राहिली ते शोधायला आपली उदबत्ती पुरते. यंत्र उघड्यावर उभं करून इंजिन चालू ठेवा आणि उदबत्ती सगळ्या जोडांवरून फिरवा. धूर जिथे हलेल तिथे भोक आहे.

आता काच. ही केबिन नुसता आडोसा नाही, यंत्र उलटलं तर तुम्हाला वाचवणारा सांगाडा आहे. त्याच्या खांबांना वेल्डिंग करायचं नाही, नवं भोकही पाडायचं नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या पोलादाचे गुणधर्म बदलतात आणि सांगाडा ज्या चाचणीत उतरलेला असतो ती निरर्थक ठरते. कंपनीने आधीच पाडलेली भोकं वापरा किंवा खांबाला वेढणारे क्लॅम्प लावा. बाजूच्या जाळ्या काढून तिथे काच बसवण्याचा मोह फार जणांना होतो. तो टाळा. जाळीच्या पलीकडून बूम, म्हणजे बादली उचलणारे दांडे, खाली-वर जाते. बाहेर काढलेला हात तिथे चिरडतो. काच जाळीच्या आतल्या अंगाला बसवायची.

पॉलिकार्बोनेट 6 मि.मी. जाडीचं घ्या. अ‍ॅक्रिलिक घेऊ नका, थंडीत दगड बसला की त्याचे धारदार तुकडे होतात. घराच्या खिडकीची साधी काच तर नाहीच. पॉलिकार्बोनेट तापमानाबरोबर बरंच आक्रसतं आणि फुगतं : मीटरभर लांबीला 60 अंशांच्या फरकात सुमारे 4 मि.मी. म्हणून भोक बोल्टपेक्षा 3 मि.मी. मोठं पाडा, खाली-वर रबरी वायसर घाला आणि नट आवळताना हात आखडता घ्या. घट्ट केलेल्या बोल्टाभोवतीच तडे सुरू होतात. आणखी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं जे लॉकिंग द्रव्य असतं, त्याने पॉलिकार्बोनेटला जाळीसारखे बारीक तडे जातात. त्याऐवजी नायलॉन रिंग असलेले नट वापरा. पेट्रोल, थिनर, अमोनियावालं काच पुसायचं द्रव्य, यांनाही या प्लास्टिकजवळ येऊ देऊ नका. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं एवढंच.

समोरच्या दाराला मात्र आमचं मत काचेच्या बाजूने आहे. वायपरच्या रबराखाली बर्फाचे आणि वाळूचे कण येतात, त्यात साधं पॉलिकार्बोनेट एका हंगामात ओरखड्यांनी आंधळं होतं. वायपर लावायचा तर टफन्ड किंवा लॅमिनेटेड काच असलेलं तयार दारच घ्या. मागचा-बाजूचा खर्च घरी वाचवा, दारावर करा. टफन्ड काच नंतर कापता येत नाही की भोक पाडता येत नाही, त्यामुळे आधी पुठ्ठ्याचा साचा करून बसवून पाहा.

आणि बाहेर पडण्याची दुसरी वाट. या यंत्रात माणूस समोरून, बूमच्या मधून आत-बाहेर करतो. बूम मध्येच अडकली किंवा यंत्र दारावर कलंडलं तर समोरचं दार उघडत नाही. कंपनीच्या केबिनमध्ये मागची खिडकी त्यासाठीच असते. रबरातली दोरी ओढून काढली की काच बाहेर ढकलता येते. घरी केलेल्या कामात ही खिडकी चारी कोपऱ्यांत बोल्टने आवळलेली असते. तसं केलंत तर तुम्ही स्वतःला पिंजऱ्यात बंद केलंत. मागची काच रबर बीडिंगमध्येच बसवा आणि दोरीचं टोक आतून हाताला लागेल असं ठेवा.

आता पाइप. 16 मि.मी. आतल्या व्यासाचा हीटर होज जाऊन-येऊन पाच-सहा मीटर लागतो. गरम पाणी घ्यायचं ते इंजिनाच्या हेडवरून किंवा थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या) घरातून, पण थर्मोस्टॅटच्या अलीकडून, म्हणजे इंजिनाच्या बाजूने. परत सोडायचं ते वॉटर पंप जिथून पाणी ओढतो त्या बाजूला. दोन्हीकडे पितळी बॉल व्हॉल्व्ह घाला, म्हणजे होज फुटला तरी इंजिन बंद न करता हीटरचं पाणी तोडता येतं आणि उन्हाळ्यात ऊब थांबवता येते. हेडवरचा प्लग काढून निपल (होज जोडायची आट्यांची नळी) घालताना आटे मोजा. जपानी इंजिनांत ब्रिटिश पद्धतीचे निमुळते आटे असतात, अमेरिकेतल्या दुकानात मिळतात ते अमेरिकी. अर्धा इंची मापात दोन्हीकडे इंचाला 14 आटे, त्यामुळे निपल आत जातं आणि बरोबर बसलं असं वाटतं. पण आट्यांचा कोन वेगळा असल्याने ते झिरपत राहतं. तीन अष्टमांश इंची मापात एकीकडे 18 आणि दुसरीकडे 19. तिथे पान्ह्याने जोर केलात तर हेडचे आटे गेले समजा.

763 ची केबिन दुरुस्तीसाठी मागे उचलली जाते हे होज टाकताना विसरू नका. केबिन पूर्ण उचलून पाहा, होज ताणत नाही ना आणि खाली आणताना चिमटत नाही ना. एक्झॉस्टपासून किमान हातभर लांब ठेवा, पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट घाला. काचेचं वजनही केबिनवर वाढतं. 6 मि.मी. काच चौरस मीटरला 15 किलो आणि पॉलिकार्बोनेट सव्वासात. जुन्या गॅस स्प्रिंगना एवढं पेलवत नाही, त्या बदला. नव्या असल्या तरी केबिनचा लॉक लागल्याशिवाय तिच्याखाली डोकं घालू नका.

हीटरचा पंखा, म्हणजे ब्लोअर, 10 ते 12 अँपिअर ओढतो. त्याला रिले, 20 अँपिअरचा फ्यूज आणि 4 चौरस मि.मी.ची वायर द्या, 2.5 ची घातलीत तर सहा मीटरच्या फेऱ्यात अर्धा व्होल्ट वायरीतच जातो.

शेवटी कूलंट. हीटर आणि होज मिळून लिटर-दीड लिटर जास्त मावतं. ती भर नुसत्या पाण्याने घालू नका. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. त्यात दीड लिटर पाणी गेलं की ही मर्यादा बरीच वर येते.

प्रश्न : मागच्या महिन्यात हीटर बसवला. इंजिनाचा काटा मधोमध असतो, ब्लोअर जोरात चालतो, पण वारं कोमटच येतं. गरम पाण्यासाठी रेडिएटरच्या वरच्या होजला टी (तीन तोंडांचा जोड) घातला आहे आणि परतीचं पाणी खालच्या होजला. शिवाय सकाळी होजच्या तोंडाशी हिरवे थेंब दिसतात, दुपारी नाही.
— हॅमिल्टन, ओंटारियो

उत्तर : चूक त्या टीमध्येच आहे. वरचा होज थर्मोस्टॅटच्या पलीकडे येतो. थर्मोस्टॅट 80-85 अंशांच्या आसपास उघडतो आणि कडक थंडीत हलकं काम असेल तर जेमतेम किलकिला होतो. तोवर वरच्या होजमध्ये पाणी फिरतच नाही. हीटरच्या वाट्याला येतं ते उरलंसुरलं. काटा मधोमध दिसतो, कारण सेन्सर थर्मोस्टॅटच्या इंजिनाकडच्या बाजूला आहे. टी काढा, भोक बुजवा आणि पाणी थर्मोस्टॅटच्या अलीकडून घ्या. परतीची जागा बरोबर आहे.

हे केल्यावरही कोमटच राहिलं तर हीटरचे दोन्ही होज हाताने चाचपा. एक कढत आणि दुसरा गार म्हणजे आत हवा अडकली आहे. अशा वेळी ब्लोअरमागे खळखळ ऐकू येते. हीटर रेडिएटरच्या झाकणापेक्षा उंचावर असेल तर हे हमखास होतं. यंत्र अशा उतारावर उभं करा की रेडिएटरचं झाकण सगळ्यांत वर येईल. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, इंजिन थंड असताना झाकण काढून भरत राहा, हीटरचा वरचा होज सैल करून पाण्याची अखंड धार येईपर्यंत हवा जाऊ द्या. दोन्ही होज सारखेच कोमट असतील तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला असण्याची शक्यता जास्त. मग काटाही खालीच राहील.

सकाळचे थेंब म्हणजे थंडीतली गळती. रबर आक्रसतं, स्क्रूची क्लिप जिथल्या तिथे राहते आणि फट पडते. दुपारी रबर फुगलं की बंद. आवळत बसाल तर क्लिप रबरात रुतून होज कापेल. सतत ताण देणाऱ्या स्प्रिंगच्या क्लिपा घाला.

प्रश्न : आमच्या डेअरीवर 763 आणि 863 अशी दोन यंत्रं आहेत. एकाला हीटर छान चालला. दुसऱ्यालाही तोच संच लावू का?
— विस्कॉन्सिन

उत्तर : नका लावू. 863 चं डॉइट्झ इंजिन पाण्याने नव्हे, तेलाने थंड होतं. हीटरमधून इंजिन ऑइल फिरेल. साधा हीटर होज ज्या रबराचा असतो ते तेलात फुगून लिबलिबीत होतं आणि सुटतं. एकदा सुटलं की काही क्षणांत इंजिनातलं तेल केबिनमध्ये आणि पायांवर. तेलासाठीचाच हीटर आणि तेलाला टिकणारा होज हवा, आणि तेलाची पातळी मोजतानाही हीटरमधलं तेल धरायला हवं.

प्रश्न : केबिन बंद केली, ऊबही आली, पण दहा मिनिटांत सगळ्या काचा आतून पांढऱ्या. शिवाय आवाज आधीपेक्षा वाढलाय.
— एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : तुमचा ब्लोअर आतलीच हवा फिरवतोय. बुटांवरचा बर्फ वितळतो, श्वासाची वाफ असते, ती जाणार कुठे? सगळ्यांत गार जागा काच, तिथे जमते. बाहेरची गोठलेली हवा कोरडी असते, ती तापवून आत सोडली की काच आपोआप स्वच्छ राहते. ब्लोअरच्या तोंडाला फिल्टर लावून बाहेरून हवा घ्यायची सोय करा. तोंड उंचावर असू द्या, एक्झॉस्टपासून दूर. हवेचा एक झोत दाराच्या काचेच्या खालच्या कडेला, दुसरा पायांवर. बसण्याआधी बूट झटकावेत हेही खरं, पण रोज कोण झटकतं?

आवाजाचं कारण साधं आहे : पूर्वी तो उघड्या बाजूंनी निघून जाई, आता काचांवर आपटून कानाशीच परततो. छताला आतून आणि सीटमागच्या पत्र्याला आग न धरणारा फोम लावा. छताचा फोम सर्वांत जास्त फरक पाडतो.

(याच वाचकांनी झिप असलेल्या पारदर्शक व्हिनाइलच्या आवरणाबद्दलही विचारलं आहे. वर्षातून दहा-बारा वेळाच बर्फ काढायचा असेल तर तेही पुरेसं आहे, पैसे वाचतील. फक्त गोठलेलं असताना गुंडाळू नका, घडीवर चिरतं.)

प्रश्न : लेहमध्ये कामावर दोन यंत्रं पाठवली आहेत. पहाटे ऑपरेटर बसायलाच तयार नसतात. डिझेलवर चालणारा 2 किलोवॅटचा हीटर बसवला, तर आठवड्यात काजळी धरून बंद पडला. हीटरच खराब आहे का?
— नाशिक

उत्तर : हीटरपेक्षा उंचीचा दोष आहे. लेह साडेतीन हजार मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. हीटरचा छोटा पंप डिझेल तेवढंच टाकतो, हवा मात्र विरळ. अर्धवट जळतं, काजळी धरते. काही हीटरांत उंचीचा सेन्सर असतो किंवा वेगळा जोडता येतो. नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन पंपाचे ठोके कमी करावे लागतात, आणि त्यामुळे ऊबही कमी मिळते. हे धरून थोडा मोठा हीटर निवडा. काजळी साफ केल्याशिवाय नवं सेटिंग करून उपयोग नाही.

बसवण्यातल्या तीन चुका पाहून घ्या. जळण्यासाठीची हवा बाहेरून यायला हवी आणि धुराची नळी पूर्णपणे बाहेर, खालच्या उतारावर, ताज्या हवेच्या तोंडापासून लांब. विरळ हवेत अर्धवट जळण झालं की कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्याला रंग नाही, वास नाही. केबिनमध्ये त्याचा अलार्म लावणं ही चैन नव्हे. दुसरं, डिझेल यंत्राच्या फीड लाइनला टी मारून घेतलंत तर इंजिनात हवा शिरते. टाकीत स्वतंत्र नळी सोडा. तिसरं, संध्याकाळी बॅटरीचा कटआउट थेट खेचू नका. हीटर बंद केल्यावर त्याचा पंखा काही मिनिटं चालू राहतो, तो आतलं जळणाचं भांडं थंड करतो. तो मध्येच थांबवला की भांडं आणि ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी तापती कांडी) दोन्ही जातात.

ऑपरेटर येण्याआधी वीस मिनिटं हीटर चालू ठेवायचा तर बॅटरी सुस्थितीत हवी, कारण सुरू होताना ग्लो प्लग भरपूर करंट ओढतो आणि त्याच वेळी गारठलेली बॅटरी निम्म्या ताकदीवर असते. डिझेल हिवाळी प्रतीचंच भरा. इंडियन ऑइलने 2019 पासून लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं आहे. रॉकेल मिसळायची जुनी सवय सोडा. त्याने इंजेक्शन पंपाचं वंगण कमी होतं.

प्रश्न : आम्हाला ऊब नको, पण बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) धुळीपासून ऑपरेटर वाचवायचा आहे. हीच बंद केबिन चालेल?
— कोल्हापूर जिल्हा

उत्तर : चालेल, पण एसीशिवाय नाही. मार्च-एप्रिलमध्ये बंद काचेची केबिन म्हणजे भट्टी. ऑपरेटर तासाभरात दार उघडून बांधून ठेवेल आणि मग फिल्टरचा काय उपयोग? बगॅसची धूळ फुप्फुसाला बाधते, तेव्हा ताजी हवा चांगल्या प्रतीच्या फिल्टरमधून घ्या आणि केबिनमध्ये बाहेरपेक्षा दाब किंचित जास्त राहील असं पाहा. मग फटीतून धूळ आत येण्याऐवजी हवा बाहेर जाते. एसीचा कंडेन्सर छतावर बसवला तर त्याच्या जाळीत बगॅस अडकून तो रोज गुदमरेल. दुपारच्या सुट्टीत मागच्या बाजूने हवेचा झोत मारून साफ करायचं काम नेमून द्या. फटींचं काम मिनेसोटाच्या वाचकांना सांगितलं तेच. फक्त उदबत्ती बगॅसच्या ढिगाजवळ पेटवू नका, यंत्र मोकळ्या जागी नेऊन तपासा.